तोंड दिसलं की झालं

१० ऑक्टोबर १९७७

डॉक्टर मेंडगुदले म्हणाले, रोज काय होतं ते वहीत लिहून ठेवा. मी म्हणालो, साहेब, मी गिरणीतला जॉबर, मास्तर नव्हे. तर म्हणाले, सातवी पास आहात ना, मग लिहा. सातवी पास झाल्याचा हा पहिलाच तोटा.

तर लिहितो. मी बिरप्पा, मूळचा मैंदर्गीचा. वाडवडिलांनी मेंढरं राखली, बाप सोलापूरच्या गिरणीत लागला, मी तिथंच साचेखात्यात माग राखतो. मला झोपेचा आजार आहे म्हणतात. झोपेत माझा श्वास बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो, असं आमच्या मायाक्काचं म्हणणं. मी तर झोपलेला असतो, मला काय ठाऊक? ती डॉक्टरला म्हणाली, "रोज मरत्यात आन् रोज उटत्यात." बायकोनं नवऱ्याबद्दल असं बोलावं का परक्या माणसापुढं?

पण गेल्या महिन्यात मी मागापाशी उभ्याउभ्या पेंगलो हे खरं. मागातला धोटा उडाला आणि पलीकडच्या मागावरच्या गुरप्पाच्या खांद्यात बसला. गिरणीचे साहेब म्हणाले, पुन्हा झालं तर घरी बसायचं. म्हणून डॉक्टरकडं जावं लागलं. परदेशात असल्या माणसांच्या गळ्याला भोक पाडतात म्हणे. मायाक्का ते ऐकून पांढरी पडली. मग डॉक्टरांनी स्वतः करवून घेतलेलं एक मशीन दाखवलं. लाकडी खोकं, आत मोटर, तिला लांब नळी आणि नळीच्या टोकाला काळ्या रबराचा मुखवटा. ऑपरेशनला गुंगी देताना लावतात तसला. रात्रभर वारा नाकात सोडायचा, म्हणजे गळा मिटत नाही. "हे कुठल्या पुस्तकात नाही," डॉक्टर म्हणाले, "आपलं आपण करून बघायचं." आपलं म्हणजे नाक माझं.

११ ऑक्टोबर

अरारारा! काय रात्र गेली.

मुसकं घातलेला बैल कसा बघतो, तसा मी आढ्याकडं बघत पडलो होतो. डोक्यामागं दोन बक्कल. कूस बदलायची सोय नाही, नळी ओढली जाते. तोंड उघडलं की वारा भस्सकन बाहेर. रबराचा वास असा की मळमळतं. एकदा वाटलं, आता उठून सगळं तोडून टाकावं. मायाक्कानं छातीवर हात ठेवून दाबून धरलं. बाई अंगानं काडीसारखी, पण हात काय जड!

सकाळी मात्र डोकं हलकं होतं. पाळी संपेपर्यंत एक जांभई आली नाही. गुरप्पा बघतच राहिला. एवढंच की गिळलं की कानात टप्प होतं.

२० ऑक्टोबर

टप्पचं आता दुखणं झालं. वारा नाकातून कानात शिरतो. विहिरीत बुडी मारून तळाला गेल्यासारखे कान गच्च होतात, आणि वर यायची सोय नाही, सकाळपर्यंत तळालाच. डॉक्टर म्हणतात आवंढा गिळा. रात्रभर आवंढे गिळत पडलो तर झोपू कधी?

गिरणीत गुरप्पानं दोन्ही हातांनी नाकाला सोंड लावून दाखवली आणि मागाच्या पलीकडून विचारलं, "गणपती, मोदक खाल्ले का?" मी इकडून शिवी दिली. सगळी ओळ हसली.

डॉक्टर हे वाचणार तर त्यांच्यासाठी लिहितो. साचेखात्यात एकमेकांचं ऐकू येत नाही, देवाचंही येणार नाही. आम्ही ओठ बघून बोलतो. वीस हात लांबून गुरप्पा ओठ हलवतो आणि मला कळतं की त्याच्या सासूला पुन्हा जुलाब झाले. पंचवीस वर्षं झाली. तोंड दिसलं की झालं, आवाज कशाला पाहिजे? मायाक्काला हे जमत नाही. ती आपली ओरडते.

१४ नोव्हेंबर

दिवाळीत सर्दी झाली. त्यात मशीन. डावा कान आतून कुणी पेटवल्यासारखा. काल उशीवर पिवळा डाग पडला. मायाक्कानं लसूण घालून तेल कडवलं आणि कोमट करून दोन्ही कानांत घातलं. मी म्हणालो, आज मशीन नको. ती म्हणाली, "लावा."

"अगं डॉक्टर म्हणाले, सर्दी असली की लावू नका."

"डाक्टरांच्या घरात कोन मरतंय का? लावा."

डॉक्टरच्या नावानं मुसकं बांधणार ही, आणि डॉक्टरनं नको म्हटलं तरी बांधणारच. कैद्याला निदान रविवारी सुट्टी असते. हे पान डॉक्टरांना दाखवायचं नाही. खरं म्हणजे आता ही वही त्यांना द्यावीशीच वाटत नाही. माझी मलाच लागते.

२९ नोव्हेंबर

डॉक्टरकडं गेलो. कानात दिवा घालून बघितलं. पडदे लाल आहेत, पू आहे, थेंब घाला म्हणाले. मग समोर खुर्ची ओढून बसले आणि आवाज बारीक करत करत विचारलं. गाव कोणतं? मुलं किती? आज भाजी काय होती? मी फटाफट उत्तरं दिली. शेवटी शेवटी नुसते ओठ हलवत होते बिचारे, त्यांना वाटलं मी चुकेन. मी म्हणालो, शेपूची. डॉक्टर खूश. म्हणाले, ऐकू यायला काही धोका नाही, सर्दी असेल तेवढं मशीन बंद ठेवा, बाकी चालू द्या.

निघताना मायाक्का दारात डॉक्टरकडं बघून थांबली. काहीतरी बोलायचं होतं तिला. मग माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरून चालायला लागली. रस्ताभर गप्प. मी विचारलं, काय झालं? तर पुढं होऊन माझ्यासमोर उभी राहिली, भर रस्त्यात, आणि म्हणाली, "काय न्हाय. कान चांगलं हायेत म्हनले की."

८ डिसेंबर

घरात कुणी बोलत नाही. डॉक्टरांच्या मशीनचा हा एक गुण लिहून ठेवायला पाहिजे होता, की बायकोचं तोंड बंद होतं. पूर्वी ती स्वयंपाकघरातून बडबडायची, मी बाहेरून हं हं करायचो. आता काही सांगायचं असलं की हात पुसत बाहेर येते, समोर बसते आणि मगच बोलते. सुनेनं सासऱ्यापुढं यावं तशी. मला आधी बरं वाटलं, मान देते म्हणून. पण हल्ली बघण्यात काहीतरी चोरटं आहे. काहीतरी लपवते ती माझ्यापासून, एवढं मी सांगतो.

भाकऱ्या थापताना तिचे ओठ हलत होते. म्हणालो काय पुटपुटतेस? म्हणाली, ओवी म्हणते. मग मोठ्यानं म्हण की बाई, मनातल्या मनात कसली ओवी? ती माझ्याकडं बघत राहिली आणि भाकरी करपली.

एक मात्र आहे, बाईच्या अंगावर मांस चढतंय. डोळ्यांखालचं काळं गेलं. परवा शेजारणीबरोबर सिद्धेश्वराला जाऊन आली, तळ्याकाठी बसून शेंगा खाल्ल्या म्हणे. मी इथं मुसक्यात, आणि ही शेंगा खाते.

गिरणीतही बदल आहे. नवीन साहेबांनी मागांना तेलपाणी नीट करायला लावलेलं दिसतं, खडखडाट निम्म्यावर आला. भोंगा मात्र बिघडलाय. पार रेल्वेच्या पलीकडून वाजल्यासारखा येतो. गुरप्पाला म्हणालो तर त्यानं खांदे उडवले.

१९ डिसेंबर

नात झाली! आमची सोना दुधनीहून बाळंतपणाला आली होती, आज पहाटे मोकळी झाली. मुलगी. रंग सोनाचा, नाक माझं, बिचारीचं नशीब.

मी दवाखान्यातच तिला म्हणालो, तुझा आज्जा तुला सगळी गाणी शिकवील, मेंढरांमागची, धनगरी ओव्या, सगळी. माझ्या आज्ज्याला येत होती, मला येतात, बापानं गिरणीच्या धुरात घालवली, पण मी ठेवली. सोनाच्या वेळी पाळ्या करण्यात दिवस गेले, तिला एक नाही शिकवलं. हिचं पहिलं बोलणं मी ऐकणार. ते "आज्जा"च असणार, पैज.

३० डिसेंबर

पोरगी फार गुणी. अकरा दिवसांत एकदा रडली नाही! चाळीत सगळ्यांना सांगितलं. लोक सोनाकडं बघतात आणि हसतात, जळतात मेले. जांभया मात्र फार देते. तोंड एवढं मोठं आ करते, मुठी वळते, लालबुंद होते. शी करताना जोर लावत असणार.

सोनाचे डोळे झोपेनं तारवटलेत. एवढं शांत पोर असून आजकालच्या मुलींना झोप पुरत नाही.

१५ जानेवारी १९७८

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर दारूकाम बघायला गेलो, मी आणि मायाक्का. गर्दी नेहमीसारखी. रंग काय सुंदर, हिरवा, तांबडा, आकाशभर. पण यंदा आवाजाचे बार नाहीतच. नुसत्या शोभेच्या फुलझाडांवर भागवलं. मी मायाक्काला म्हणालो, दारूकामात दम नाही राहिला बघ, पूर्वी छातीत धडकी भरायची. शेजारच्या बाईच्या कडेवरचं पोर कानांवर हात ठेवून किंचाळल्यासारखं तोंड करत होतं. आतापासूनच सोंगं करतात.

मायाक्का दारूकाम बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, धूर गेला का? तिनं मान हलवली.

घरी आल्यावर मी म्हणालो, आज मुसकं नको गं, यात्रेचा दिवस आहे. डोकं भणभणतंय, कान ठणकतोय, मला मोकळं झोपू दे एक दिवस. तिनं तरी बक्कल लावले. लावताना माझ्या कानांवरून हात फिरवला. तिनं असं कधी केलं नव्हतं. मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. मुखवट्याच्या आत रडता येत नाही, नाक भरून येतं आणि वारा कोंडतो. मग तेही बंद केलं.

२२ जानेवारी

आज झालं ते लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

रविवार. सोना नळावर धुणं धुवायला गेली, मायाक्का दुकानात. जाताना मायाक्का थांबली. सोनाला म्हणाली, पोरीला घिऊन जा नळावर. मी चिडलो. म्हणालो, एवढ्याशा पोरीला थंडीत कशाला? मी इथंच आहे, पाळण्याला पाठ टेकून बसतो, रेडिओ उघडून बघायचाय मला. हल्ली फार हळू वाजतो, व्हॉल्व्ह गेला असेल आतला. मायाक्काचा पाय निघेना. मी म्हणालो, पंचवीस माग सांभाळतो मी, एक पोर सांभाळता येत नाही काय? मग गेली.

मी रेडिओ खोलून बसलो. छान शांत वेळ होता. तेवढ्यात दार धाडकन उघडलेलं दिसलं आणि सोना ओल्या हातांनी माझ्या अंगावरून उडी मारून पाळण्याकडं. मागं मायाक्का, मागं शेजारच्या दोघी. वळून बघतो तर पोरगी निळी. दुपट्याचा पीळ गळ्याशी अडकलेला. सोनानं तिला उपडी करून पाठ चोळली. मग तिचं तोंड उघडलं, लाल झालं, आणि मायाक्कानं देवाला हात जोडले.

सोना माझ्यापुढं येऊन ओरडली, "आप्पा, सगळ्या चाळीला आयकू आलं! नळापातूर आयकू आलं! तुमी पाठ लावून बसलाय आन्..."

मी म्हणालो, "ती रडलीच नाही. देवाशपथ. ती कधी रडतच नाही."

दोघी शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मायाक्कानं त्यांना बाहेर काढलं, दार लावलं. मी तर पेटलोच होतो. म्हणालो, तुम्ही सगळ्या मिळून मला वेडा ठरवताय. तीन महिने मुसक्यात बांधून ठेवलंय, डोकं कामातून गेलंय माझं. एवढं चांगलं असेल तर तूच घाल की एकदा! घाल! बघ कसं वाटतं!

आणि तिनं घातला. खोक्यावरून मुखवटा उचलला, तोंडावर दाबला, मागं बक्कल ओढला आणि माझ्यासमोर उभी राहिली. डोळे वटारलेले. मानेच्या शिरा ताठ. हात नाचत होते. कपाळ लाल झालं. ती ओरडत होती, जीव तोडून ओरडत होती, रबर आतबाहेर होत होतं. पण तोंड नव्हतं.

मला काहीच ऐकू आलं नाही.

मी म्हणालो, बोल ना. ती ओरडतच होती. मी पुन्हा म्हणालो, बोल ना गं. माझं मलाही ऐकू आलं नाही, नुसतं हाडात घुमल्यासारखं झालं. तेव्हा तिचे हात खाली आले. तिनं माझ्याकडं बघितलं. सावकाश बक्कल काढला, मुखवटा उतरवला. नाकाभोवती काळा वळ उठला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती समोर आली, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "दिवाळी जाली तवापासून."

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तुमी ह्ये फेकून दिलं आसतं. मग मेला आसता." मग माहेरच्या कन्नडात काहीतरी बोलली, ते मला दिसलं पण बघवलं नाही.

बायकोनं माझे कान विकले. आज एवढंच सुचतं.

२३ जानेवारी

डॉक्टरकडं गेलो. या वेळी त्यांनी माझ्या पाठीमागं उभं राहून विचारलं. पुढं येऊन खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. साचेखात्यातली माणसं ओठ बघतात हे मला माहीत नव्हतं, म्हणाले. वहीत लिहिलं होतं मी. पण वही मीच दिली नाही, आता बोंब कुणाच्या नावानं मारू?

डाव्याचा पडदा फाटलाय, तो गेलाच. उजव्यात थोडं शिल्लक आहे. दोन-तीन महिने मशीन बंद ठेवलं, पू सुकला, तर उजवा थोडा परत येईल. चालू ठेवलं तर तोही जाईल. आणि बंद ठेवलं तर श्वासाचं काय? डॉक्टर म्हणाले, मग गळ्याला भोक. सोलापुरात गळ्याचं भोक करणारं कुणी नाही, मिरजेला जावं लागेल, आणि सुताच्या धुरळ्यात तसलं भोक घेऊन गिरणीत उभं राहता येणार नाही.

मी मशीन खोक्यात भरलं. नळी गुंडाळली. मुखवटा वर ठेवला आणि झाकण लावलं. मोकळा झालो म्हणालो. उजवा कान परत आणायचा. पोरगी बोलायच्या आत आणायचा.

मायाक्का हो म्हणाली. एका शब्दानं अडवलं नाही.

२५ जानेवारी

दोन रात्री मोकळा झोपलो. अंग जड झालंय, गिरणीत दोनदा डोळा लागला, गुरप्पानं बोट टोचून उठवलं. चालायचंच.

आज पाळीवरून आलो तेव्हा सोना अंघोळीला गेली होती. मायाक्का पेटलेल्या शेगडीपाशी बसलेली, पोरगी मांडीवर. मी चपला काढत होतो. बघतो तर मायाक्काची मान खाली, आणखी खाली, आणि एक हात सुटलेला. पोरगी मांडीवरून सरकत शेगडीच्या बाजूला निघाली होती. मी झेप घेतली. दुपटं धरलं, पोरगी धरली, शेगडी लाथेनं उडाली. निखारे पसरले. एवढं होऊन मायाक्का उठली नाही. बसल्याबसल्या झोपलेली, तोंड अर्धवट उघडं. ही पेंग मला माहीत आहे, मागापाशी मी हीच घेतली होती.

सोना आली. मी म्हणालो, हिला झालंय काय? सोना माझ्यासमोर आली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "आप्पा, अव्वा दोन रात्री बसून हाय. तुमच्या छातीवर हात ठिवून. श्वास थांबला की हालवती."

"दोन रात्री?"

"आत्ताच्या दोन. मशीन यायच्या आदी रोजच की. माज्या लग्नाच्या आदीपासून. तुमाला ठावं न्हाय?"

मला वाटायचं ती घोरण्याला वैतागून ढोसते. मी तिला शिव्या द्यायचो झोपेत. पाच वर्षं, सहा वर्षं, कोण जाणे किती. डॉक्टरला ती "रोज मरत्यात" म्हणाली होती तेच खरं होतं, आणि मी लाज वाटून घेत बसलो होतो.

तिला उठवलं. निखारे वेचले. मग विचारलं, रविवारी मुखवटा घालून काय ओरडत होतीस?

आधी सांगेना. मग पदरानं तोंड पुसून समोर बसली, मला नीट दिसेल अशी. "म्हनले, तुमाला मुसकं लावलं तवा मी झोपले. इतक्या वर्सांत तवा पयल्यांदा झोपले. त्ये काडलं तर मी मरन. आन् तुमचं कान गेलं त्येचं पाप माजं. ह्ये म्हनले." आणि रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. आवाज कसा असेल तिच्या रडण्याचा, काही केल्या आठवेना.

जेवणं झाली. खोकं उघडून मशीन जोडलं. मायाक्का आडवी आली. "कान, कान," म्हणून स्वतःचे कान धरून दाखवायला लागली. "पोरीचं बोलनं आयकायचं हाय न्हवं तुमाला?"

आहे. खोटं कशाला लिहू? मला ते ऐकायचं आहे. गिरणीला माझे कान लागत नाहीत, गुरप्पाला लागत नाहीत. त्या एका पोरीसाठी पाहिजे होता उजवा. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. पण तिचं तोंड तर दिसेल. आणि गाणी शिकवायला घसा लागतो, तो आहे.

मी मायाक्काला साचेखात्यात करतो तसं हातानं सांगितलं, पड. ती पडली. पाठ टेकायचा अवकाश, डोळे मिटले. सोना पोरीला घेऊन आत गेली. मी मुखवटा बांधून, खोकं पायाशी घेऊन लिहितोय. कान गच्च होऊ लागलेत. वारा चालू आहे असं छातीला कळतं.

ती उताणी पडली आहे. तोंड उघडं आहे. घोरत असावी.